साडूचं दुकान

दुकान अजून उभंच नव्हतं, तरी उकंडाला त्याचा राग आला होता. फोटोच तसा होता. कंप्युटरवर काढलेलं चित्र. काचेचे दरवाजे, वर लाल-पिवळी पाटी, आत ढकलगाड्या घेऊन फिरणारी गोरी-गोरी माणसं, जी आपल्या तालुक्यात जन्मात कोणी पाहिली नसतील! बायकोनं, दीपमालानं, मोबाईल त्याच्या ताटासमोर धरला आणि हौसेनं म्हणाली, "पाहा ना जी, उर्वशीनं धाडलं. आपल्या गावात होऊन राह्यलं हे."

"भाजीत मीठ नाही," उकंडा म्हणाला.

मीठ होतं. चांगलं बेताचं होतं. पण घास गिळेनासा झाला की माणूस मिठावर खापर फोडतो, त्याला तो तरी काय करणार!

उर्वशी ही दीपमालाची धाकटी बहीण, आणि दुकान काढणारा रामधन हा तिचा नवरा, म्हणजे उकंडाचा साडू. आता साडू हे नातंच मोठं विचित्र. भाऊ म्हणावं तर भाऊ नाही, दोस्त म्हणावं तर दोस्त नाही. पण सासरी दोघांचे पाट शेजारी-शेजारी पडतात, आणि सगळी बोंब तिथूनच सुरू होते. कोणाच्या वाटीत तूप जास्त, कोणाचा शर्टपीस भारी, सासू कोणाशी बोलताना जास्त हसली.

बरं, रामधनचं लग्न जमवलं कोणी? उकंडानंच. तेव्हा रामधन पुसदला दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधत होता. उकंडाची ओलिताची शेती होती, गावात वट होती, सासरी त्याचा शब्द खाली पडत नव्हता. मग रामधननं स्वतःचं दुकान टाकलं. मग दुसरं टाकलं. मग पांढरी गाडी घेतली. तिथपर्यंत उकंडानं कसंबसं पचवलं. पण मागच्या अधिक महिन्यात, सासूबाईनं, मानीबाईनं, दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोरी अरबला बोलावलं, तेव्हा घात झाला. रामधनची गाडी आधी पोचली, उकंडा एसटीनं मागून आला, आणि पाहतो तर काय, लहान्या जावयाचं ओवाळून झालेलं! "अवं माय, इसरलीच मी," असं मानीबाई म्हणाली. सगळे हसले, उकंडाही हसला. तीन वर्षं झाली, ते हसू अजून त्याच्या तोंडात कडू होतं.

आणि आता हा माणूस उकंडाच्याच गावात, जिथे उकंडा नगरसेवक आहे तिथे, काचेचं दुकान घालणार? उद्यापासून लोक विचारणार, "उकंडाभाऊ, ते सुपरमार्केटवाले तुमचे कोण जी?" म्हणजे ओळख कोणाची? रामधनची. उकंडा फक्त त्याचा साडू.

रामधनपुढं अडचण एकच होती. रामधननं घेतलेल्या जागेच्या समोर आखर होतं. आखर म्हणजे पोळ्याच्या दिवशी जिथे गावचे बैल तोरणाखाली उभे राहतात ते मैदान. ते नगरपंचायतीचं. मालाच्या गाड्या आत जायला आखराच्या कडेनं रस्ता पाहिजे होता, आणि त्याला सभेचा ठराव लागत होता. रामधन पेढे घेऊन घरी आला. "भाऊ, तुम्ही सभेत आहा, मले काय चिंता," म्हणाला. उकंडानं पेढा खाल्ला, दुसराही खाल्ला, आणि म्हणाला, "तू बिनघोर राय."

दीपमाला मात्र बिनघोर नव्हती. चहा देताना विचारी, सभा कधी. जेवताना विचारी, नगराध्यक्षबाई काय म्हणतात. पापड लाटता लाटता विचारी, मंजूर होईल ना जी? शेवटी उकंडा खेकसला, "तुले कायले एवढी घाई? तुह्या बापाचं दुकान हाय का?" ती पुन्हा पापड लाटू लागली. बहिणीचा पुळका, दुसरं काय, असं उकंडानं मनाशी ठरवून टाकलं.

सभा भरली. नगराध्यक्ष हंसाबाई खुर्चीवर, समोर नगरसेवक, आणि मागच्या बाकावर धुतलेला पांढरा शर्ट घालून रामधन. विषय वाचून झाला. हंसाबाई म्हणाल्या, "कोणाची हरकत?" सगळ्यांनी उकंडाकडे पाहिलं आणि हसून मान हलवली. साडूचं काम, हरकत कोण घेणार!

उकंडा उभा राहिला.

"दुकान व्हावं," तो म्हणाला. "मले तर आनंदच हाय, घरचं काम हाय. पण हंसाबाई, पोळ्याच्या दिवशी बैलाइनं कोठून जायचं? आखराच्या तोंडातून मालाचे ट्रक जातीन. आपल्या बापजाद्यापासून तोरण तेथं बांधतात. मी साडू म्हणून चूप बसलो तर बैल मले माफ करतीन का?"

खरं सांगायचं तर गावात बैलजोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्या होत्या, अर्धे लोक पोळ्याला ट्रॅक्टरलाच बेगड लावून आणत. उकंडानं स्वतः बैल कधीच विकले होते. पण बैलाच्या विरुद्ध हात वर करायची हिंमत वऱ्हाडात कोणात आहे? पुढच्या निवडणुकीत कोणी म्हणालं, यानं पोळा अडवला, तर झालं मग! रामधन मागून उठला. "पोळ्याले दोन दिवस दुकान बंद ठेवतो जी. तोरण मी बांधून देतो." त्यावर एक नगरसेवक हळूच म्हणाला, "सख्खा साडूच नाही म्हणते, म्हणजे काही तरी असंन बाप्पा." तिथेच निकाल लागला. रस्ता नामंजूर झाला.

बाहेर रामधननं उकंडाकडे एकदा पाहिलं, गाडीत बसला आणि गेला. उकंडाला वाटलं होतं, आज झोप चांगली लागेल. लागलीही. लाज वाटावी इतकी चांगली लागली.

दीपमाला मात्र दोन दिवस जेवली नाही. उपास आहे म्हणाली. कशाचा, ते सांगितलं नाही.

मग यंदाचा अधिक महिना आला आणि मानीबाईचं बोलावणं आलं. या खेपेला उकंडा सकाळीच निघाला. बोरी अरबला पोचला तेव्हा दारात पांढरी गाडी उभी होती, पण मानीबाई ताट घेऊन थांबलेली होती. "मोठे जावई आल्याशिवाय नाही," ती म्हणाली, आणि तिनं आधी उकंडाला ओवाळलं. पहिला पाट उकंडाचा, पहिली तुपाची धार उकंडाच्या पुरणाच्या धोंड्यावर, अनारशांचं पहिलं ताट उकंडाच्या हातात! आणखी काय पाहिजे माणसाला? त्यानं मिशीवरून बोट फिरवलं आणि शेजारी बसलेल्या साडूला मोठ्या मनानं विचारलं, "मंग, दुकानाचं काय ठरवलं रामधन?"

"ठरलं ना भाऊ," रामधन सरळ म्हणाला. "ढाणकीले जागा भेटली. बाजाराले लागून. तेथं हरकत घेणारं कोणी नव्हतं."

उकंडाचा हात ताटात थांबला. उर्वशी वाढत होती. ती बहिणीकडे वळून म्हणाली, "ताई, तुह्या मसाल्याची मांडणी दारातच लावतो. सरगुंडे, मुगवड्या, पापड, सगळं तुह्या नावानं. दीपमाला मसाले. पाटी बनवाले टाकली मी."

"कोणाची पाटी?" उकंडानं विचारलं.

मानीबाईनं पदर तोंडाला लावला. मग दीपमालाच बोलली, भांडं हातात धरून, सगळ्यांच्या समोर.

"माही. दोन वर्षांपासून ठरलं होतं आमचं. आपल्याच गावात होतं म्हणून मी हो म्हटलं. घरून पाच मिनिटांवर. तुम्हाले जेवू घालून गेली असती, सांजच्याला दिवा लावाले परत आली असती. आता ढाणकीले जाईन. सकाळच्या एसटीनं. बाजाराच्या दिवशी तेथंच उर्वशीसंगं राहीन."

गावात साडूचं दुकान होऊ नये म्हणून उकंडानं बैल उभे केले होते, आणि बैलांनी नेमकी त्याचीच बायको ढाणकीला नेऊन सोडली होती. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापणारे लोक त्यानं खूप पाहिले होते, त्यांना हसलाही होता.

"मले काहून नाही सांगितलं?" तो शेवटी म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "मी काय दुश्मन हाय का तुहा? माहीत असतं तर मी कायले आडवा आलो असतो?"

दीपमालानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, आणि तेच वाईट होतं.

"सांगितलं असतं जी," ती म्हणाली. "पण मंग तुम्ही माह्यावरही जळले असते."

"काय बोलतं येड्या-बह्याडावानी!" असं म्हणायला उकंडानं तोंड उघडलं. शेजारी रामधन खाली मान घालून जेवत होता. उकंडाच्या डोळ्यांसमोर ती पाटी आली. ढाणकीच्या भर बाजारात, काचेच्या दाराशी, मोठ्या अक्षरांत तिचं नाव, आणि येणारेजाणारे लोक विचारताहेत, उकंडाभाऊ म्हणजे ते दीपमाला मसालेवालीचे मालक ना?

त्यानं तोंड मिटलं. कारण ती खोटं बोलत नव्हती, आणि तो जळायला लागलाही होता.