उभे धरलेले घड्याळ

भिंगकाकांच्या दुकानात बसायला जागा नव्हती आणि उठायला फुरसत नव्हती. जिन्याखालच्या त्या खोपटात एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला चिकटलेले भिंग, एवढाच त्यांचा संसार. त्या भिंगावरूनच सारी गल्ली त्यांना भिंगकाका म्हणत असे. खरा संसार माडीवर होता आणि तो सर्वस्वी काकूंच्या ताब्यात होता.

त्या सकाळी त्यांचे जावई दोन घड्याळे घेऊन आले. जावई तेलाच्या रिकाम्या टाक्यांमध्ये उतरून तळाचा गाळ खरवडण्याचे काम करीत. टाकीत विषारी वाफ दाटलेली असते. तोंडावरच्या मुखवट्यातील गाळणी अर्धा तास जेमतेम टिकते, आणि आपण संपलो हे सांगायला त्या बिचारीला तोंड नसते. म्हणून बाहेर मुकादमाने घड्याळ लावून बसायचे आणि वीस मिनिटे भरताच कमरेचा दोर ओढायचा, असा शिरस्ता होता. ठिणगीच्या भयाने बॅटरीची कोणतीही वस्तू तेथे नेण्यास सक्त मनाई असे. सबब मुकादमाने किल्लीची मनगटी, बटण दाबताच वेळ मोजू लागणारी, स्वस्तातली घड्याळे आणली होती.

"मामा, दोघांनाही एकच रोग," जावई उभ्या उभ्याच म्हणाले. "बटण दाबलं की सेकंदाचा मोठा काटा धावतो, पण मिनिटाचा छोटा काटा सरकायची वेळ आली की घड्याळ गचका खाऊन बंद. एक तरी आत्ता द्या. मुकादम डोक्यावर बसलाय."

"जावईबापू, घोड्यावर बसूनच आलात की काय? टेका तरी जरा."

"आज घोड्यावरच आहे. टेकायला रविवारी येतो, तुमच्या लेकीला घेऊन."

काकांनी मागचे झाकण उघडले आणि रोग तत्काळ ओळखला. आतले तेल वाळून डिंक झाले होते. मुख्य कमानीचा जोर वाटेतच निम्मा विरत होता, आणि उरलेल्या जोरावर मिनिटचक्र ढकलणे म्हणजे उपाशी बैलाला चढावर जुंपणे. खरा इलाज म्हणजे सारे यंत्र खोलून, धुऊन, नवे तेल देणे. त्याला अख्खा दिवस हवा. मात्र दुसराही एक इलाज होता. मिनिटचक्राच्या दातांवर केसाएवढी पोलादी पट्टी टेकलेली असते. तिच्या दाबामुळे छोटा काटा जागच्या जागी राहतो. ती पट्टी यत्किंचित वाकवून सैल केली की चक्रावरचा भार हलका होतो आणि घड्याळ बंद पडायचे थांबते.

काकांनी पट्टी सैल केली. घड्याळ टेबलावर उताणे ठेवून बटण दाबले. मोठा काटा वर आला, छोटा काटा टुणकन पुढे सरला. पुन्हा एकदा सरला. जावयांनी घड्याळ खिशात टाकले आणि ते गेलेसुद्धा.

जेवण उरकल्यावर काकांनी दुसरे घड्याळ हाती घेतले आणि त्यालाही तीच मलमपट्टी करून बटण दाबले. इतक्यात काकू चहा घेऊन खाली आल्या. टेबलावर कप ठेवायला तसूभर जागा नव्हती. काकांनी घड्याळ उचलले, कप ठेवून घेतला आणि घड्याळ त्या कपालाच टेकवून उभे केले.

मोठा काटा वर आला. छोटा काटा हलला, अर्ध्यापर्यंत गेला, आणि परत मागे घसरला.

काकांचा हात कपाच्या कानाशी तसाच राहिला. त्यांनी पुढच्या फेऱ्याची वाट पाहिली. काटा पुन्हा हलला, पुन्हा मागे आला. त्यांनी घड्याळ उताणे केले, तेव्हा तो शहाण्या मुलासारखा पुढे सरला. उभे केले की घसरला. पट्टीची पकडच उरली नव्हती. मिनिटे जात होती, पण मोजली जात नव्हती.

"भूत बघितल्यासारखे काय बसलात? चहावर साय धरली," काकू म्हणाल्या.

"मनगटावर घड्याळ कसं असतं गं?" काकांचा आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "उताणं की उभं?"

"चाळीस वर्षं घड्याळं केलीत आणि मला विचारता? हात खाली सोडला की उभंच की."

काकांनी भिंग काढले. ते टेबलाच्या कडेवरून जमिनीवर पडून गडगडत गेले. बंद पडलेले घड्याळ निदान बंद पडले म्हणून कळते. हे मात्र चालत राहणार होते, टिकटिकत राहणार होते, आणि हात आडवा असेल तेवढीच मिनिटे मोजून वीस मिनिटांना दहा म्हणणार होते.

कामावरचे फोन फाटकातच जमा होत, त्यामुळे फोन करण्यात अर्थ नव्हता. काका रस्त्यावर धावले. शेजारचा शिंपी आपली स्कूटर पुसत होता.

"काय काका, तुम्हाला घाई? आज सूर्य कुठून उगवला?"

"टाक्यांवर सोड. जावई आत आहेत. बोलू नकोस, चालव!"

शिंप्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि फडके तिथेच टाकले.

त्या वाटेवर काकांना काहीच दिसले नाही. मोठे काटे तेवढे दिसत होते. समोरच्या मालमोटारीची चाके फिरत होती, तीही त्यांना मोजल्यासारखी वाटत होती. जावई आत उतरले असतील का? कधी उतरले असतील? सकाळपासून किती वेळा उतरले असतील? फाटकावरच्या पहारेकऱ्याने "कोण, कुठले" सुरू केले, तेव्हा काकांनी त्याचा हात जन्मात प्रथमच झिडकारला.

टाकीच्या तोंडाशी मुकादम उपड्या पिंपावर बसला होता. घड्याळाचा हात गुडघ्यावरून खाली लोंबत होता.

"या सासरेबुवा! जावयाची पाहणी का?"

"केव्हा उतरले आत?"

"हे काय, अकरा मिनिटं झालीत. तुमच्याच हातचं घड्याळ आहे, खोटं कसं बोलेल?"

"ओढा दोर!"

"काका, अर्ध्यातून ओढला की गाळणी फुकट जाते. वीसला ओढतो ना."

काकांनी त्याचे मनगट धरून डोळ्यांसमोर उभे केले. "बघा. नुसतं बघा."

मोठा काटा वर आला. छोटा काटा हलला आणि मागे घसरला. मुकादमाच्या चेहऱ्यावरचे हसू जिथल्या तिथे वाळले. दोराशी उभा असलेला कामगार पुटपुटला, "मला वाटलंच होतं. सावली केव्हाची हलली. पण घड्याळापुढे आपण काय बोलणार?"

तिघांनी दोर धरला. इशाऱ्याचा पहिला हिसका दिला. आतून उत्तर आले नाही. दुसरा दिला. दोर मेल्यासारखा लोंबत होता. काकांना लेकीचा चेहरा आठवू लागला आणि तो त्यांनी जबरदस्तीने दूर सारला. मग त्यांनी पाय रोवून सारे अंग मागे झोकून दिले.

दोर जड लागला. हळूहळू वर येऊ लागला. भोकातून आधी काळा हात आला, मग मुखवटा. मुकादमाने तो ओरबाडून काढला. खाली निळसर ओठ होते. जावई कुशीवर वळले, ओकले, आणि मग एक लांब, फाटका श्वास आत गेला. काका त्यांच्या पाठीवर हात फिरवीत राहिले. थांबले तर तो श्वास बंद पडेल, असे त्यांना वाटत होते.

"देवासारखे धावून आलात, काका," मुकादम म्हणाला.

"देव कसला? ही माझीच करणी. धुवायचं सोडून पट्टी सैल केली मी."

"घाई माझी होती, मामा," जावई डोळे मिटूनच म्हणाले.

"रोगी घाई करतोच. वैद्याने करायची नसते."

काकांनी मुकादमाच्या हातावरचे घड्याळ काढून घेतले. खिशातल्या चिमट्याने, भिंगाविना, नुसत्या अदमासाने पट्टी पुन्हा घट्ट दाबली. बटण दाबले. मोठा काटा फेरी मारून वर आला, गचका खाल्ला, आणि घड्याळ ठप्प झाले.

"आता तर साफच बिघडलं!" मुकादम म्हणाला.

"नाही. आता ते खरं बोलतंय."

काकांनी ते मुठीत घेतले. त्या दिवशी दुसऱ्या कोणाला खाली उतरू दिले नाही. ते टाकीच्या तोंडाशी बसून राहिले. शिंपी दोनदा "चला" म्हणाला, पण ते उठले नाहीत. मूठही उघडली नाही.