फळी येईपर्यंत

माझी बायको मथुरा गेल्यापासून माझं आणि दत्तप्रसादचं बोलणं बंद होतं. तो तिचा धाकटा भाऊ. आम्ही एकाच कंपनीत, एकाच यार्डात. मी पिकअप चालवतो, तो सुपरवायझर. थंडी सुरू झाली की इथले अरब सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकतात. त्यांचे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, तिथे ओढून नेऊन लावायचं काम आमच्याकडे असतं. म्हणजे दिवसभर एका गाडीत बसायचं आणि बोलायचं नाही. मध्ये सिराज. तो मुलतानचा. काय सांगायचं ते त्याच्यामार्फत, हिंदीत.

आमच्याकडे बायको गेली की तिच्या माहेरचे तेराव्याला दुखवटा आणतात. टोपी, कपडे. तो घातला की माणूस पुन्हा लोकांत जायला मोकळा. दत्ताने आणला नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या बहिणीला याने मारलं. पोट दुखतंय म्हणत होती, तर हा गोळ्या देत बसला." तिला पित्ताशयाचा कॅन्सर होता. आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी त्याच्यासमोर सांगितलं होतं. तरी त्याचं तेच.

त्याच दिवशी तो माझ्या श्रेयाला बुसैतीनला आपल्या घरी घेऊन गेला. ती सातवीत आहे. मी म्हटलं, राहू दे चार दिवस मामीजवळ. मग दत्ताने तिला परत पाठवलंच नाही. निरोप आला, "पोरगी हवी असेल तर आधी माझ्याशी बोल म्हणावं. हात जोडून माग." मी उलटा निरोप पाठवला, "दुखवटा घेऊन ये, पोरीला आणून सोड, मग तोंड उघडेन." जो आधी बोलेल तो हरला. आमच्या गावात सख्खे भाऊ एका अंगणात जन्मभर असे राहिलेले मी पाहिलेत.

त्या दुपारी दोन खोल्यांचा मोठा कॅरॅव्हॅन होता. एवढं वजन नुसतं मागे जोडलं तर पिकअपची शेपटी खाली बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. म्हणून पिकअपच्या मागच्या हिचपासून, म्हणजे जोडापासून, मागे दोन पोलादी बार जातात. ते साखळीने वर ताणून कॅरॅव्हॅनच्या चौकटीवरच्या ब्रॅकेटला अडकवायचे. बार वाकतात आणि वजन सगळ्या चाकांवर वाटलं जातं. सोडताना आधी जॅकने कॅरॅव्हॅनचं नाक वर घ्यायचं, पिकअपच्या मागच्या टोकासकट. साखळी ढिली पडली की ब्रॅकेटला पाइप लावून ते खाली पाडायचं, तेही बाजूला उभं राहून. साखळी ताठ असताना सोडलं तर पाइप हातातून निसटून फिरतो. समोर तोंड असेल तर तोंड.

दत्ताचा हात बसलेला बोटींच्या ट्रेलरवर. त्यांना असले बार नसतात. लॅच उचलली, खलास.

सखीरची वाळू वरून घट्ट दिसते, पण जॅकचा पाय तिच्यात रुतत जातो. खाली फळी लागते. फळी यार्डात राहिली होती.

"सिराज," मी म्हटलं, "साब को बोलो, तख्ता नहीं है. बगल के कॅम्प से लाओ, फिर जॅक लगाएंगे."

दत्ता माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. "उसको बोल, हर काम में मुहूर्त मत देख."

"यार, तुम दोनों की बोली एक है," सिराज म्हणाला, "मुझे बीच में क्यों पीसते हो?"

"बोल उसको. बीवी भी मुहूर्त देखते देखते ही गई."

सिराजने ते माझ्यापर्यंत आणलं नाही. "मैं तख्ता लाता हूँ," म्हणून तो शेजारच्या तंबूंकडे निघाला.

दत्ता थांबला नाही. त्याने स्वतः जॅक फिरवायला घेतला. फिरवत राहिला. जॅकची नळी वीतभर बाहेर आली, तेवढ्यावर तो खूश. मी मागच्या बंपरकडे बघत होतो. बंपर तसूभरही वर आला नव्हता. जॅकचा पाय वाळूत गेला होता, एवढंच. साखळी ताठच्या ताठ. त्याने पाइप उचलला, ब्रॅकेटमध्ये घातला आणि त्यावर वाकला. तोंड बरोबर पाइपच्या वर.

सिराज लांबून येताना दिसत होता. मी मनात म्हटलं, येऊ दे, तो सांगेल. मग म्हटलं, नाही आला तरी काय. याचा जबडा तुटला तर हा काही दिवस बोलणार नाही.

मग मी ओरडलो. "दत्ता, सोड! साखळी ताठ आहे!"

तो थांबला. मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसला.

"बोललास," तो म्हणाला. "आधी तू बोललास."

आणि माझ्याकडे बघतच त्याने पाइप ओढला. आता थांबणं म्हणजे माझं ऐकणं झालं असतं.

ब्रॅकेट धाडकन खाली आलं. पाइप गरकन फिरला. मान वळलेली होती म्हणून तोंड वाचलं. कोपराखाली हाताचं हाड मोडलं, ते मला ऐकू आलं. तो वाळूत बसला आणि आईला हाका मारू लागला.

त्याला घेऊन निघायचं तर पिकअप मोकळी करायला हवी होती. दुसऱ्या बाजूचा बार अजून ताणलेला होता. मी कॅरॅव्हॅनच्या चाकांना दगड लावले, जॅक उलटा फिरवून त्याचा पाय वर घेतला, सिराजने आणलेली फळी त्याच्याखाली ठेवली.

"घाई कर ना!" दत्ता ओरडला. आता मध्ये सिराज नको होता.

"घाईत होत नाही हे."

"मी इथे मरतोय आणि हा फळी सरळ करतोय!"

"मर. पण गप बसून मर."

"माझ्या बहिणीलाही असंच म्हणाला असशील."

मी जॅक फिरवला. या वेळी बंपर वर आला, साखळी सैल लोंबायला लागली. बाजूला उभा राहून पाइप लावला. ब्रॅकेट मुकाट खाली आलं. लॅच उघडली, नाक हिचच्या बॉलवरून उचललं आणि पिकअप पुढे काढली. वाटेत दत्ता शिव्या देत होता. सिराज मागे त्याचा हात धरून "या अल्ला" म्हणत होता.

सलमानिया हॉस्पिटलात त्याला प्लास्टर घालून झालं तेव्हा त्याची बायको रुपाली श्रेयाला घेऊन आली.

"हा बघत उभा होता," दत्ता तिला म्हणाला. "मुद्दाम. आणि शेवटी ओरडला."

रुपालीने माझ्याकडे बघितलं. मी दत्ताला म्हटलं, "श्रेयाला घरी नेतोय."

"विचारतोयस की सांगतोयस?"

"सांगतोय. आधी बोल म्हणाला होतास. बोललो."

"हात जोडायला सांगितले होते."

"तुझे तरी जुळतायत का आता?"

त्याने पायाशी असलेलं स्टूल लाथेने उडवलं. नर्स धावत आली. रुपालीने पर्समधून घराची किल्ली काढून श्रेयाच्या हातात दिली. "सामान घे जा तुझं," एवढंच म्हणाली. माझ्याकडे तिने पुन्हा बघितलं नाही.

सिराज टॅक्सीने गेला. गाडीत श्रेया माझ्या शेजारी बसली.

"पापा, मामा सेज यू डिड इट ऑन पर्पज."

"मी ओरडलो गं त्याला."

"बट बिफोर दॅट?"

खोटं बोलता आलं असतं. तिथे तिसरं कुणी नव्हतं.

"आधी थांबलो थोडा," मी म्हटलं.

"व्हाय?"

"त्याला लागावं असं वाटलं."

बुसैतीनला दत्ताच्या बिल्डिंगखाली मी गाडी उभी केली. ती किल्ली घेऊन वर गेली. मी खिडकीकडे बघत राहिलो. दिवा लागला आणि बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं, आता काही येत नाही ही. वर जावं, तर त्या घराची पायरी मला चढायची नव्हती. तरी मी दार उघडून एक पाय खाली ठेवला.

दिवा गेला. ती शाळेची बॅग आणि कपड्यांची पिशवी घेऊन खाली आली. मी पुढचं दार उघडलं. तिने मागचं उघडलं, सामान आत ठेवलं आणि सामानाशेजारी बसली.

"यल्ला, पापा, चल," ती म्हणाली.