वीतभर खाली टांगलेली बाटली

बोलिव्हियातल्या ला पाझच्या आमच्या दवाखान्यात अकरा वर्षं डॉक्टर अरामायोंच्या मोतीबिंदूच्या यंत्राची बाटली मी सांभाळली. यंत्र डोळ्यातून जेवढं पाणी ओढतं, तेवढं बाटलीतून आत जायला हवं. बाटली उंच तर पाण्याला जोर जास्त. किती उंच, हे डॉक्टर मला विचारायचे. आता युदितला विचारतात. येऊन सहा महिने झालेली पोर! "हिचा हात हलका आहे, नेलिदा," म्हणे. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

कार्निव्हलच्या शुक्रवारी तर कहरच झाला. दरवर्षी यंत्राची पूजा माझ्याकडे असायची. रंगीत फिती बांधायच्या, पाचामामा धरतीमायसाठी बिअर शिंपडायची. यंदा मान युदितला. यंत्र बोळात न्यायला तिनं बाटलीचा दांडा दारातून जाईल एवढा खाली केला. फोटो झाले, हसणं-खिदळणं झालं, यंत्र पुसून आत आलं. दांडा वर करायचा राहिला.

सुट्ट्यांनंतर पहिली पेशंट आली सातुर्निनाबाई. नाचाच्या पोशाखांवर मणी शिवून पोट भरणारी बाई, एक डोळा आधीच गेलेला. "हा तरी राहू दे गं पोरींनो," टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली.

बाटली वीतभर खाली आहे, हे मी शिरताक्षणी पाहिलं. आणि गप्प बसले. ऐन वेळी सांगेन, तोवर पडू दे हिला तोंडघशी, असं मनात आलं.

डॉक्टरांनी पेडल दाबलं. मोतीबिंदूचा एक तुकडा निघाला. दुसरा नळीच्या तोंडाशी अडकला, एकदम सुटला, आणि त्याच्यामागून सगळं पाणी ओढलं गेलं. यंत्राच्या स्क्रीनवर डोळा आत बसताना दिसला. माझी ऐन वेळ येऊन गेली होती.

"बाटली!" डॉक्टर पाय उचलत ओरडले. युदितनं झडप घालून दांडा वर केला. भिंगामागची पातळ पिशवी थोडक्यात वाचली. सातुर्निनाचं नशीब, माझं कर्तृत्व नव्हे.

"दांडा कुणी बघितला होता?"

"चूक माझी, डॉक्टर," युदित म्हणाली.

नंतर हात धुताना ती रडत होती. मला वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल.

"मी तपासणारच होते, ताई," ती म्हणाली. "पण तुम्ही दांड्याकडे नीट निरखून पाहिलंत आणि काहीच बोलला नाहीत. म्हटलं, ताईंनी पाहिलंय, म्हणजे बरोबरच असणार."