मागच्या शेडसाठी सामान

सोफावाल्याने बॅग पुन्हा एकदा रिकामी केली. काल ताईने दुपारभर खपून, वर बसून, गुडघ्याने दाबून भरून दिलेली बॅग. काट्यावर ठेवली तर काटा असा पळाला की विमानवाले सोडा, हमालानेसुद्धा लांबून हात जोडले असते. बरं, बॅग मेली एवढी दणकट की निम्मं वजन तिचं एकटीचंच. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. त्याने सगळं जमिनीवर ओतलं आणि मधोमध मांडी घालून बसला. परवा विमान होतं आणि घरात अजून पाय ठेवायला जागा नव्हती.

त्याला सगळा रस्ता सोफावाला म्हणत असे, कारण तो सोफे भरायचा. बसकी गादी, तुटलेली स्प्रिंग, फाटलेलं रेक्झिन, कुणाचं काही असो, त्याच्या गाळ्यात आणून टाकायचं आणि आठवड्याने नवं करून न्यायचं. त्याच्या बायकोला सगळे सिस्टर म्हणत, कारण ती दवाखान्यात नर्स होती. ऐकून ऐकून तोही तिला सिस्टरच म्हणायला लागला. बायकोला सिस्टर म्हणणारा माणूस भूतलावर तू एकटाच, असं त्याची ताई त्याला लग्नापासून ऐकवत आली होती. पण जिभेला लागलेली सवय, ती काय बहिणीच्या बोलण्याने सुटते?

तर ही सिस्टर वर्ष होत आलं, परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात नोकरीला लागली होती. आधी ती जाणार, मागून तो, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं होतं. त्याची काडीइतकी इच्छा नव्हती. मुलगी लग्न होऊन आपल्या घरी सुखी होती, गाळा चालत होता, हात चालत होते, आता पन्नाशी ओलांडल्यावर कशाला ही उठाठेव? सहा महिने तो हेच घोकत बसला. मग एके दिवशी सिस्टर फोनवर म्हणाली की मी घेतलेल्या घराच्या मागे एक शेड आहे. रुंद दाराची, उजेडाची. इथे सोफे भरणारं कुणी नाही, लोक चांगले सोफे रस्त्यावर टाकून देतात. तुम्ही या आणि त्या शेडमध्ये दुकान मांडा. झालं, त्या शेडने त्याला गुंडाळला. गडी रात्रंदिवस त्या शेडचंच बोलायला लागला. गाळा त्याने एका मोबाइलवाल्याला देऊन टाकला आणि मशीन घरी उचलून आणलं.

आता जमिनीवर दोन ढीग होते. एक संसाराचा, एक दुकानाचा. संसाराच्या ढिगातली एकेक वस्तू तो रोज फोनसमोर धरायचा आणि सिस्टर तिकडून नकार द्यायची. कुकर? नको, इथे मिळतो. चादरी? नकोत. जाड ब्लँकेट? इथे मिळतं. लग्नातली मोठी पातेली? त्यांचं काय करायचंय इथे. भिंतीवरचा आरसा नको, डबे नकोत, पोळपाट-लाटणं नको. इतके नकार ऐकल्यावर माणसाला उगाचच वाटायला लागतं की पुढचा नंबर आपला.

दुकानाच्या ढिगाबद्दल मात्र ती नको म्हणत नसे. त्यात दाभणं होती, कात्र्या होत्या, पट्टे ताणायचा दांडा होता, स्प्रिंगांची जुडी होती, आणि रेक्झिन शिवायचं ते मशीन होतं. मशीनचं नुसतं डोकं उचलून बॅगेत ठेवलं की एक बॅग संपली. मशीन न्यायचं तर संसार राहतो, संसार न्यायचा तर मशीन राहतं. हे तो तिला विचारायचा, आणि ती म्हणायची, "बघा तुम्ही." तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला 'बघा तुम्ही' चा अर्थ सांगावा लागत नाही. तुम्ही चुकताय आणि मी सांगणार नाही, एवढाच तो अर्थ. पण शेडच्या नादात त्याने तो कानाआड केला.

अकराच्या सुमारास ताई आली. सोबत टेम्पो घेऊन आली, कपाट न्यायला. ताईची तऱ्हा अशी की माझ्या घरात मुंगीला जागा नाही म्हणून ओरडायचं आणि ओरडता ओरडता चार वस्तू काखेत मारायच्या. कपाट तिने खाली पाठवलं, मागोमाग पातेली, मग आरसा. मशीनकडे बघून म्हणाली, "हे न्यायचं आणि कुकर ठेवायचा? तिथे काय रेक्झिन शिजवून खाणार आहात दोघं?" त्याने शेडचं सांगितलं. ताईने ते पन्नासदा ऐकलं होतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारे तुम्ही, असं पुटपुटत ती धप्पकन घरच्या सोफ्यावर बसली.

घरचा सोफा म्हणजे दिव्याखाली अंधार. गावाचे सोफे भरणाऱ्याच्या घरातला सोफा पार मेलेला. ताई बसली ती आत गेली, गुडघे हनुवटीपाशी आले आणि तिला उठता येईना. दोन्ही हात पुढे करून ती हवेत झोके घ्यायला लागली. सोफावाला हसला, कितीतरी दिवसांनी हसला, आणि तिला ओढून काढता काढता एकदम थांबला.

सोफ्यावर बसलेलं माणूस कसं दिसतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? कंबर आत जाते, खांदे गोल होतात, कोपर आपसूक टेकायला जागा शोधतं. उठायचं तर आधी पुढे झुकावं लागतं. सोफा कितीही चांगला भरला तरी एवढं होतंच. आणि सिस्टर वर्षभर फोनवर सांगत होती की हॉलमध्ये सोफ्यावर बसलेय, मागे निळा पडदा. ती बसायची ताठ, वर्गात बाकावर बसवल्यासारखी. थोड्या थोड्या वेळाने एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूला टाकायची. उठायची ती एका झटक्यात.

हे त्याला आज दिसलं असं नाही. पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. पण धंदा डोक्यात भिनलेला माणूस, त्याच्या मनात आलं काय, तर तिथल्या लोकांना सोफा भरता येत नाही. फोम दगडासारखा घातलाय, पट्टे ताणलेत की नाही देव जाणे. गेलो की पहिल्यांदा हिचा सोफा उसवतो. त्या दगडासारख्या सोफ्यासाठी त्याने चांगल्यातल्या स्प्रिंगा निवडून बाजूला ठेवल्या होत्या, जाड पट्टा घेऊन ठेवला होता. दुसरा कुणी नवरा असता तर त्याला बायकोचं काही बिनसलंय असं वाटलं असतं. याला सोफ्याचं बिनसलंय असं वाटलं.

सिस्टर सोफ्यावर बसतच नाहीये, असं त्याने ताईला सांगितलं. ताई पदर सारखा करत उभी राहिली. मग म्हणाली की सोफा नाही म्हणजे हॉल आहे का ते बघ, आणि हॉल नसेल तर आणखी काय काय नाही तेही बघ. बाई उगाच खोटं बोलत नाही. तिला तू तिथे हवा आहेस की तोंडदेखलं बोलावतेय, हे विमानात बसायच्या आधी विचार, नंतर नाही. एवढं बोलून ती टेम्पोवाल्यावर ओरडायला खाली गेली.

सोफावाला ढिगाजवळ बसला. त्याला राग आला नव्हता, भीती वाटत होती. गाळा गेला होता, कपाट जिन्यातून उतरत होतं, आणि ज्या घरात जायचं त्या घरात आपल्याला जागा आहे की नाही हेच त्याला माहीत नव्हतं. फोन वाजला तेव्हा उचलू नये असंही क्षणभर वाटलं.

तिकडे सकाळ होती. सिस्टर रात्रपाळी करून आली होती, डोळ्यांखाली काळं, केस तसेच. मागे तोच निळा पडदा. आज काय भरलं म्हणून तिने विचारलं. त्याने उलट विचारलं.

"तू कशावर बसलीयेस?"

"सोफ्यावर. का?"

"जरा उठ."

ती उठली.

"बस आता."

ती बसली. पडदा हलला नाही, खांदे हलले नाहीत.

"तो सोफा नाहीये सिस्टर."

 तिचा चेहरा असा सैलावला, जणू दिवसभर डोक्यावर धरलेलं ओझं कुणी तरी खाली घेतलं.

"फळी आहे," ती म्हणाली. "दोन खोक्यांवर टाकलेली."

आणि तिने फोन फिरवला. वर्षात पहिल्यांदा फिरवला. पडद्यामागे खिडकी नव्हतीच, पोपडे आलेली भिंत होती. फळीच्या पायथ्याशी एक शेगडी, वर दोरीवर वाळत घातलेला नर्सचा ड्रेस, कोपऱ्यात बादली. दार उघडलं की फळीला आपटत होतं. फोन पूर्ण फिरून परत तिच्या तोंडावर यायला काही वेळच लागला नाही, एवढीशी ती खोली.

"हॉल?"

"हाच."

"आणि शेड?"

शेड नव्हती. कधीच नव्हती. तुम्ही येतच नव्हता, ती म्हणाली, सहा महिने नुसतं बघू, बघू. एका सकाळी तोंडातून शेड निघून गेली. तुम्ही एवढे खूश झालात की मागे घेता येईना. वाटलं, तुम्ही येईपर्यंत खरंच कुठेतरी मोठी जागा बघीन. प्रत्येक सुटीत बघत फिरले, पण एकट्या बाईच्या पगारात शेडवालं घर कोण देतं? ती हे सगळं खालच्या आवाजात, रिपोर्ट दिल्यासारखं सांगत होती. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला रडायचीही ताकद नसते.

"गाळा दिला मी," तो म्हणाला. "तुझ्या शब्दावर दिला."

"माहितीये."

"परत मिळणार नाही तो."

"माहितीये. रोज ठरवते, आज सांगायचं, येऊ नका म्हणायचं. मग फोन लावते तर तुम्ही हातात कुकर धरून उभे असता. मला नाही म्हणवत. शेड खोटी, हॉल खोटा, सोफा खोटा. तुम्ही मला इथे हवे आहात, तेवढं खरं आहे. आता तुम्हीच ठरवा. नाही आलात तर मी रागावणार नाही."

सोफावाल्याने फोन गादीवर पालथा ठेवला आणि स्वतःच्या मेलेल्या सोफ्यात जाऊन बसला. त्याला ओरडायचं होतं. ताट-वाट्या फेकायच्या होत्या, पण त्याही ताईने खाली नेल्या होत्या. राहायचं म्हटलं तर राहता आलं असतं. ताईने शिव्या देत देत एक कोपरा दिला असता, मशीन मांडता आलं असतं, दोन सोफे का होईना आले असते. लोकांनी त्यालाच खरं म्हटलं असतं. त्याच्यासमोर मशीन होतं, तेल घातलेलं, कापडात गुंडाळलेलं. हात फिरवला की सुरू होईल असं. आणि मधूनच त्याच्या डोळ्यांपुढे ती एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूला टाकत होती. वर्षभर, रात्रपाळी करून, फळीवर. आणि मी इथे तिच्यासाठी स्प्रिंगा निवडत बसलो होतो, त्याला वाटलं, आणि त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

खालून ताईचा आवाज आला. टेम्पो भरलाय, मशीनचं काय ते सांग, बॅगेत जातंय की माझ्याकडे?

तो खिडकीशी गेला. "तुझ्याकडे," तो म्हणाला. "पण आज नको, उद्या ने. त्यावर आधी एका गादीची खोळ शिवायचीय."

ताईने वर एकदा बघितलं. तिने टेम्पोच्या पाठीवर थाप मारली आणि टेम्पो निघाला.

त्याने फोन सरळ केला. सिस्टर तशीच बसली होती, ताठ.

"टेप आहे का घरात?"

"नाही."

"मग वितीने मोज. तुझी वीत मला ठाऊक आहे." लग्नानंतर ती गाळ्यात येऊन कापड वितीने मोजायची, तेव्हा तो हसायचा आणि मागून टेप लावून बघायचा. तिची वीत टेपवर कुठे येते ते त्याला पाठ होतं. ढिगातून त्याने जाड कापडाचा तागा ओढला, खडू घेतला आणि गुडघ्यांवर बसला. कापड इकडून जाईल, फोम तिथे भरता येईल, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं झालं होतं.

 सिस्टरने फळीवरची चादर बाजूला केली आणि हात पसरला.

"फळी नको," तो म्हणाला. "फळीवर दोघं मावत नाहीत. ती काढून उभी कर भिंतीला. जमीन मोज."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग फळी ओढल्याचा, खोकी सरकवल्याचा. फोनच्या पडद्यावर आता फक्त तिची पाठ दिसत होती, जमिनीवर ओणवी झालेली. एक, ती म्हणाली, दोन, आणि मग मागे वळली.

"मशीनशिवाय काय कराल हो तुम्ही इथे?"

"ते तिथे आल्यावर बघू. तू वीत नीट ताण," तो खडूने रेघ ओढत म्हणाला. "गादी कमी पडली तर तुझेच पाय बाहेर राहतील."