दुधाचा सुळा

माझी बायको शीला म्हणते, मी देवाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधतो. म्हणो बापडी. वर्षानुवर्षं शाळेत खेळाचा तास घेतल्यावर कोणाचं पोट खरंच दुखतंय आणि कोणाला पळायचा कंटाळा आलाय, हे नजरेला कळायला लागतं. आणि एकदा कळायला लागलं की डोळे मिटून घेता येत नाहीत. निदान मला तरी येत नाहीत.

दोन हजार चारच्या जानेवारीत जुन्नरला बारा वर्षांखालच्या मुलांची कबड्डी होती. आमचा पिंपळवंडीचा संघ अंतिम फेरीत आला आणि समोर उभा राहिला तळेघरचा. पोरं काटक, चढउतार करून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं होतं त्यांच्या सातव्या गड्याबद्दल.

हा सातवा गडी बाकीच्यांपेक्षा चांगला वीतभर उंच. खांदे रुंद, गालांवर मुरमं, आणि ओठावर चक्क मिशीची रेघ. तो चढाईला आला आणि त्यानं ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू केलं तेव्हा बघणारी माणसं हसायला लागली. रिकाम्या माठात तोंड घालून बोलावं तसा आवाज होता. माझी तीन पोरं त्यानं एकाच दमात बाद केली.

मी सरळ मुख्य पंचांकडे गेलो. भिमाजीराव म्हणजे जुने खेळाडू, होता होईतो वाद टाळणारे.

“याचं लग्न ठरलंय का, तेवढं विचारा,” मी म्हणालो.

सामना थांबला. मुलाचं नाव सोपान. त्याचा बाप गोरख संघाबरोबरच आला होता. तो डोक्यावरची टोपी सारखी करत पुढे आला.

“किती वर्षांचा आहे हा?” मी विचारलं.

“नऊ वर्सांचं हाय, सर. तिसरीला जातंय.”

अख्खं मैदान हसलं. अकरा म्हणाला असता तर मी कदाचित मान डोलावली असती. नऊ म्हणजे तोंडावर मारलेली थापच. त्यानं शाळेचा दाखला पुढे केला, तो मी हातातसुद्धा घेतला नाही. दाखले कसे निघतात ते काय मला नवीन होतं?

मग मी स्वतःच पोराची तपासणी सुरू केली. हात वर करायला लावले. काखेत केस होते. घामाला मोठ्या माणसाच्या घामाचा वास होता. कंठमणी पुढे आलेला दिसत होता. हे सगळं मी मोठ्यानं सांगत होतो, कडेला उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा बेतानं. तेवढ्यात पोरगं रडायला लागलं. त्या भरड्या आवाजात हुंदके देत त्यानं बापाच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. मला वाटलं, पोरगं नाटकी आहे.

“मनगटाचा एक्सरे काढा,” मी म्हणालो. “हाडं खोटं बोलत नाहीत.”

गोरख तयार होईना. माझा संशय तिथेच पक्का झाला. ज्याचं खरं आहे त्यानं घाबरायचं कशाला?

“घाबरत न्हाई मी,” तो म्हणाला. “पर पोरगं माझं हाय. त्याचं वय मला म्हाईत न्हाई का? फोटू काय सांगनार?”

शेवटी भिमाजीरावांनी त्याची समजूत काढली. जुन्नरातल्याच एका हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि सांगितलं की हा हात चौदाच्या खालचा नाही, पंधराचाही असेल. तळेघरचा संघ बाद झाला आणि चषक आम्हाला मिळाला. गोरख फिल्मचं पाकीट हातात धरून उभा होता. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “पावणं, निदान मिशी तरी काढून आनायची.” त्यानं तिकडे बघितलंही नाही.

माझी पोरं नाचत टेम्पोत चढली. मी मात्र मुद्दाम एसटी स्टँडवर गेलो. बापलेक एकटे असताना कसे वागतात ते मला बघायचं होतं. नाटक करणारा माणूस प्रेक्षक गेले की रंग पुसतो. मी त्यांच्या मागच्या बाकावर पेपर उघडून बसलो.

सोपान बापाला चिकटून बसला होता. तो म्हणाला, “आबा, मी खोटा हाय का?”

“न्हाई रं.”

“मंग त्या सरांनी माझ्या काखत का बघितलं?”

गोरखनं उसाचं कांडं सोलून त्याच्या हातात दिलं. “ऊस खा,” तो म्हणाला.

मी पेपर थोडा खाली केला. बघणारं कोणी नसताना हे नाटक कोणासाठी चाललं होतं? पण संशयाची सवय अशी एका वाक्यानं जात नाही. सोपाननं ऊस दातांनी ओढला आणि एकदम “आबा” म्हणून तोंडावर हात धरला. बोटांना रक्त लागलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आमच्या पोरांनी पकडीत दात पाडला म्हणून आता ही माणसं तक्रार करणार. मी उठून पुढे गेलो.

मला बघून सोपान बापामागे लपला. “आता दातबी मोजायचं का, सर?” गोरखनं विचारलं.

दात गोरखच्या तळहातावर होता. छोटासा पांढरा सुळा, खालून पोकळ, मूळ म्हणून नाहीच. माझी समृद्धी तेव्हा चौथीत होती. तिचा असाच सुळा दिवाळीत पडला होता आणि तो उंदराच्या बिळात टाकून उंदराकडे त्याच्यासारखा बारीक दात मागायला मीच तिच्याबरोबर परसात गेलो होतो. मी वाकून सोपानच्या तोंडात बघितलं. हिरडीतून नव्या दाताचं टोक वर येत होतं.

“दे की, आबा,” तो त्या माठातल्या आवाजात म्हणाला. “उंदराला द्यायचाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक्सरे म्हणतो पंधरा. दात म्हणतो नऊ. आणि दुधाच्या दाताचा खोटा दाखला या जगात कोणी काढू शकत नाही.

“गोरखभाऊ,” मी म्हणालो, “तो फोटो घ्या आणि आत्ता माझ्याबरोबर नारायणगावला चला. तिथं लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आहेत. काहीतरी चुकतंय.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी सकाळी त्याच्याकडे बघितलं होतं. “आता आनि काय काडायचं ऱ्हायलंय? कप मिळाला न्हवं तुमाला?” त्यांच्या गावाकडे जाणारी घोडेगावची गाडी लागली आणि ते दोघं चढून गेले.

मी एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“एक्सरे आणि दात, दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “मुलगे साधारण अकरा-बाराला वयात यायला लागतात, मिशी त्याच्याही नंतर. नऊच्या आत सुरू झालं तर ते वय नसतं, दुखणं असतं. शरीर वेळेआधी पळायला लागतं आणि हाडंही त्याच्याबरोबर पळतात. दात मात्र बहुतेक आपल्याच चालीनं येतात.”

“मग काय होतं?”

“आज तो वर्गात सगळ्यांत उंच आहे. थोड्याच वर्षांत हाडांची वाढायची टोकं मिटतील आणि तो आहे त्याच्या आसपासच राहील. बाकीची पोरं त्याच्या डोक्यावरून जातील. कारण काय आहे ते तपासल्याशिवाय कळणार नाही. कधी डोक्यात गाठ असते, कधी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा जन्मापासूनचा दोष असतो. दोष असेल तर रोजच्या गोळ्यांवर भागतं. पण नाही दिल्या, तर साध्या तापात नि उलट्यांत मूल हातचं जाऊ शकतं.” मग त्यांनी चष्मा काढला. “मुलगा कुठे आहे?”

“गेला,” मी म्हणालो.

“तुम्ही जाऊ कसं दिलंत?”

गोरखचा माझ्यावर विश्वास का नव्हता, ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तळेघरला उतरलो आणि विचारत विचारत डोंगराकडेच्या वाडीत पोचलो. गोरखनं तांब्याभर पाणी दिलं आणि बसा म्हणाला. मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं.

“तुमाला काय मिळनार यातून?” त्यानं विचारलं. “पेपरात द्यायचंय का आमाला? का दवाखान्यावाल्यानं धाडलंय?”

मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर याहून जास्त प्रश्न विचारले असते.

सोपानची आई ठकूबाई दाराआड उभी होती. ती आतूनच बोलली. “सा वर्सांचं व्हतं तवाच मला दिसलं. मी कुनाला बोलले न्हाई. आंघूळ आतच घालते. बाया म्हनत्यात, पोरगं बेनं हाय, मोठ्या मानसांत बसून बिघाडलं. मलाबी कदी कदी वाटायचं, खरं आसंल का?”

“ते बिघडलेलं नाही, वहिनी,” मी म्हणालो. “आजारी आहे. आणि अजून वेळ गेलेली नाही.”

गोरखनं अंगणातल्या सोपानकडे बघितलं. पोरगं मातीत गोट्या खेळत होतं. ओठावर मिशी, आणि मांडीवर फाटलेली खाकी चड्डी.

“येतो मी,” गोरख म्हणाला. “पर त्याच्याआदी जुन्नरात त्याच मैदानावर बोलायचं, की माझं पोरगं नऊ वर्सांचं हाय. जेवड्या मोठ्यानं काख सांगितली, तेवड्या मोठ्यानं.”

आठवडे बाजाराच्या दिवशी मी ते केलं. भिमाजीरावांना बाजूला उभं केलं, चषक सोपानच्या हातात दिला आणि घसा फाडून सांगितलं. लोक हसले. या वेळी मला हसले. कोणीतरी विचारलंही, की गुरुजींना किती मिळाले. मी संशय घेतला याचं मला आजही वाईट वाटत नाही. सगळं गाव बघून गप्प बसलं होतं, मी निदान एक्सरे तरी काढायला लावला. पण एक्सरेवर थांबलो असतो, तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

नारायणगावच्या बाईंनी चिठ्ठी दिली आणि आम्ही पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सोपानला नखशिखांत बघितलं, एक्सरे दिव्याच्या पेटीवर लावला, पुन्हा सोपानकडे बघितलं.

“वय किती?”

मी तोंड उघडणार होतो, तर गोरखनं हातानं मला थांबवलं. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यानं रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि सुळा टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो बोटांत धरून फिरवला. सोपानला आ करायला सांगितलं. “दुधाचा सुळा,” ते म्हणाले. “म्हणजे नऊच्या आसपास. बरोबर?” आणि कागदावर नऊ लिहून पुढचं विचारायला लागले.

गोरख सकाळपासून उभाच होता. तो मागच्या खुर्चीवर बसला. डोळे पुसायला त्यानं रुमाल शोधला, पण रुमाल टेबलावर होता.

“आबा,” सोपाननं हळूच विचारलं, “आता टाकू का उंदराला?”

गोरखनं दात उचलला आणि पोराच्या तळहातावर ठेवला.

“टाक,” तो म्हणाला. “आता लागायचा न्हाई.”