विश्वंभरची चालण्याची परीक्षा

डोंगरकडा गावातल्या त्या गल्लीत माणसं काही कमी नव्हती, पण जनकाबाईच्या ओट्यावर घडीभर टेकायला कुणाला सवड नव्हती. नवरा गेल्यापासून घरात ती आणि विश्वंभर, दोघंच. विश्वंभर पस्तिशीचा, जन्मापासून डाऊन सिंड्रोम, बोलणं तुटक, समज मात्र चांगली. लोक त्याच्याबद्दल विचारत, त्याला कुणी विचारत नसे.

विचारायची ती एकटी रेवती. ती फिजिओथेरपिस्ट; पुण्याहून दर बुधवारी व्हिडिओ कॉलवर दिसायची आणि चालणं सुधारावं म्हणून त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची. खुर्चीतून उठायचं, अंगणातल्या चुन्याच्या रेघेपर्यंत जायचं, वळून परत. आधी विचारायची, "विश्वंभर, काय जेवलात आज?" त्याला अहो-जाहो करणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. जनकाबाई तर फोनपुढे चहाचा कप ठेवायची. वेडेपणाच, पण घरी आलेल्या माणसाला चहा नको का?

"आता छान चालतात, काकू," रेवती मागच्या बुधवारी म्हणाली. "पुढच्या वेळी परीक्षा घेऊ. मग माझी गरजच उरणार नाही."

म्हणजे ताईचं येणं बंद, जनकाबाईला कळलं. मग तिनं डोकं चालवलं. शाळेत पास झालेलं पोरगं पुढं जातं, नापास झालेलं त्याच बाईंकडं राहतं.

"आज पाय घासत चाल," परीक्षेच्या दिवशी तिनं त्याला बजावलं. "अन् मधीच बस."

"काहून?"

"ताई येत राहील म्हणून."

विश्वंभर अगदी मन लावून वाईट चालला. रेघेच्या अलीकडेच त्यानं मातीत बसकण मारली.

रेवतीचा चेहरा उतरला. "काकू, असं अचानक बिघडलं तर फोनवरून व्यायाम घेणं धोक्याचं आहे. मला हे थांबवावंच लागेल. त्यांना नांदेडला डॉक्टरांना दाखवा."

"न्हाई वो बाई, येतं त्याला चालता! म्याच सांगितलं व्हतं—"

"काकू, आता जबरदस्ती नका करू त्यांच्यावर." लेकाची खोट न पाहणारी आईची माया बोलतेय, असं रेवतीला वाटलं. "विश्वंभर, माझंच काही चुकलं असेल. काळजी घ्या."

फोन बंद झाला. जनकाबाईला ओरडून रडावंसं वाटलं.

विश्वंभर चटकन उठला, ताठ पावलं टाकत तिच्याजवळ आला.

"आई, बराबर केलं ना म्या?"

"व्हय, राजा."

"मंग बुधवारी येईल ना ताई?"

जनकाबाई त्याच्या पँटची माती झटकत राहिली.