साहेबांची तारीख

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी भाऊ शाळेच्या सभागृहात उभे राहून आपल्या वॉर्डातल्या लोकांना त्यांचं किती भलं झालंय ते समजावून सांगत. लोकांना ते आपलं आपण कळत नसे, म्हणून सांगावं लागे. भाऊ दोनदा निवडून आलेले नगरसेवक. मागे पडद्यावर फोटो, हातात माईक, अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि पहिल्या रांगेत मधोमध त्यांची बायको. त्यांना अख्खा वॉर्ड वहिनी म्हणायचा. तिथं बसायचं आणि योग्य जागी टाळी वाजवायची, एवढंच वहिनींचं काम. त्या जागा त्यांना तोंडपाठ होत्या, कारण भाषणाची तालीम घरातच आरशासमोर व्हायची आणि भाऊंचा आवाज भिंतींना जुमानणारा नव्हता.

वीस वर्षांच्या संसारात वहिनींना नवऱ्याचं व्याकरण चांगलं कळलं होतं. दुसऱ्यानं केलेलं काम असलं की भूतकाळ आणि 'मी'. स्वतः करायचं काम असलं की भविष्यकाळ आणि 'आपण सगळे मिळून'. उरलेलं सगळं 'अंतिम टप्प्यात'. पुलाखालचे दिवे वीज खात्यानं लावले, ते भाऊंनी लावले. दवाखान्यात नवी डॉक्टरीण बदली होऊन आली, ती भाऊंनी आणली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, त्यातली गत. फरक एवढाच, की नागोबा बिळासमोर उभा राहून फोटो काढून घेत नाही.

अंतिम टप्प्यात सगळ्यात जास्त दिवस मुक्काम ठोकून बसलेलं काम म्हणजे भाजीबाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह. ते बांधून कधीच झालं होतं. फरशा बसल्या, नळ जोडले, भिंतीवर हात जोडलेल्या भाऊंचा माणसापेक्षा मोठा फोटोही लागला. फक्त दाराला कुलूप होतं. उद्घाटन मंत्रीसाहेबांच्या हस्ते व्हायचं होतं आणि साहेबांची तारीख मिळत नव्हती. उन्हाळा आला, गेला, थंडी पडली, तारीख काही पडली नाही.

त्या रविवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "चष्मा नाकावर ठरत नाहीये गं. बाजारात जाऊन दांडी घट्ट करून आणू या." वयानं थकलेल्या, गुडघ्यानं अधू, पण जीभ अजून शाबूत. वहिनींना त्यांच्याबरोबर बाहेर पडायला आवडायचं. घरात दोघींच्या वाट्याला भाऊ यायचे, बाहेर त्या एकमेकींच्या वाट्याला यायच्या.

चष्मेवाल्याकडे गर्दी होती. तो एक दांडी घट्ट करी आणि दुसरी सैल करी. सासूबाई सकाळी रक्तदाबाची गोळी घेत, तिच्यानं लघवीला वारंवार जावं लागे. दुकानातून बाहेर पडल्या आणि कांद्याच्या ढिगापाशी त्यांनी वहिनींचा दंड घट्ट धरला.

"मला जायला हवं."

"घरी जाऊ या का लगेच?"

"घरापर्यंत नाही निभायचं."

चष्मेवाला म्हणाला, आमच्याकडे सोय नाही. समोरच्या उपाहारगृहाच्या मालकानं गल्ल्यावरून मान वर न करता सांगितलं, "फक्त पुरुषांसाठी आहे." मग दोघी हळूहळू त्या फोटोपाशी गेल्या. भाऊ हात जोडून हसत होते. त्यांच्या कोपराखाली कुलूप लोंबत होतं.

वहिनींनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मी आणि आई बाजारात आहोत. आईंना जायचंय. इथली किल्ली पाठवा, लगेच."

"कसली किल्ली?"

"तुमच्या अंतिम टप्प्याची."

"अगं, काहीतरीच काय! साहेबांच्या आधी कुणी वापरलं तर उद्घाटन कसलं? उद्या हे वर गेलं तर माझं तिकीट कापतील."

"अहो, आई आहे ती तुमची!"

"मग सांग ना आईला, जरा दम धर म्हणावं. गाडी करून घरी या. मी तालमीत... बैठकीत आहे." फोन बंद.

वहिनींनी मग शेपटाला फोन केला. भाऊंच्या मागे सावलीसारखा फिरणारा एक कार्यकर्ता होता, त्याला सगळा वॉर्ड शेपूट म्हणायचा. भाऊ हसले की ते हलायचं. किल्ली त्याच्याच खिशात असायची. शेपूट म्हणालं, "देतो ना वहिनी, का नाही देणार. फक्त भाऊंना विचारावं लागेल." आणि विचारायला म्हणून जे गेलं ते गेलंच.

कांदेवाली हे सगळं बघत होती. "त्या दाराच्या नादी लागू नका, बाई," ती म्हणाली. "आम्ही सकाळी घरी जाऊन येतो ते परत संध्याकाळी घरीच. मी दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही. डॉक्टर म्हणतो, मूतखडा झालाय, भरपूर पाणी पी. म्हटलं, पिऊन जाऊ कुठं? नगरसेवकाच्या फोटोमागे?"

वहिनी काही बोलणार, तेवढ्यात दंडावरची पकड सैल झाली. सासूबाई खाली मान घालून उभ्या होत्या. पायांखालची फरशी ओली झाली होती. कुणाशीही मान वर करून भांडायला कधी न कचरलेली ती बाई आपल्या चपलांकडे बघत होती, आणि वर मुलगा हात जोडून हसत होता.

"आई," वहिनी म्हणाल्या. पुढे त्यांना शब्द सापडला नाही.

कांदेवालीला शब्दांची गरज पडली नाही. तिनं रिकामं पोतं उचललं, शेजारच्या लिंबंवालीनं दुसरं, आणि दोघींनी म्हातारीभोवती आडोसा धरला. "आजी, काही नाही हो. आम्हा सगळ्यांचं होतं कधी ना कधी," लिंबंवाली म्हणाली. "मी तर बदलायचे कपडे बरोबरच ठेवते." आणि तिनं पाटीखालचं गाठोडं सोडायला घेतलं.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तिथंच आटलं. वीस वर्षं त्यांनी ह्या माणसाकडे कानाडोळा केला होता. बढाईखोर आहे, पण मनानं वाईट नाही, अशी स्वतःची समजूत घातली होती. आता त्यांना कळलं, की मनाचा प्रश्नच नव्हता. तिथं नुसता फलक होता. त्यांनी कांदेवालीच्या तराजूतलं सगळ्यात मोठं वजन उचललं आणि कुलपावर घातलं. कुलूप हललं नाही. दुसऱ्यांदा घातलं तेव्हा बोट चेंगरलं. तिसऱ्या वेळी कुलूप राहिलं बाजूला, कोयंडाच चौकटीतून उखडून खाली पडला. ठेकेदारही भाऊंचाच होता.

आत मागच्या निवडणुकीचे फलक छतापर्यंत रचलेले. अत्याधुनिक स्वच्छतागृह म्हणून जे महिनोन्महिने पडद्यावर झळकत होतं, ते भाऊंचं कोठार होतं. बायकांनी फलक ओढून बाहेर टाकले. एकावर लिहिलं होतं, 'माता-भगिनींचा सन्मान, हाच आमचा अभिमान'. तो लिंबंवालीनं दारात पायपुसणं म्हणून अंथरला. जाडजूड होता, चांगला कामाला आला. नळाला पाणी होतं. सासूबाई आत गेल्या, हातपाय धुतले, लिंबंवालीचे कपडे घालून बाहेर आल्या. तोवर दाराशी बाजारातल्या बायकांची रांग लागली होती.

घरी आल्यावर सासूबाई पडून राहिल्या. भाऊ दुपारी जेवायला आले, 'काय, मिळाली ना गाडी?' एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. वहिनींनी चेंगरलेलं बोट फडक्यात गुंडाळलं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मी आज नाही जात सभेला."

सासूबाई उठून बसल्या. "जायचं. मीही येते."

सभागृह भरलं होतं. आज मागच्या रांगांत बाजारातल्या बायकाही येऊन बसल्या होत्या. भाऊंनी दिवे लावून घेतले, डॉक्टरीण आणून घेतली, आणि स्वच्छतागृहाचा फोटो पडद्यावर आला तेवढ्यात शेपूट मंचावर धावत आलं आणि त्यांच्या कानाला लागलं. भाऊंचा चेहरा आधी लाल झाला, मग गंभीर. गंभीर चेहऱ्याची तालीम झालेली होती.

"मित्रहो, मला आत्ताच एक अत्यंत दुःखद बातमी समजली आहे. ज्या वास्तूसाठी मी रक्ताचं पाणी केलं, तिचं कुलूप आज काही समाजकंटकांनी फोडलं. पण मी त्यांना सोडणार नाही! पोलिसांत तक्रार देणार! हे विरोधकांचं कारस्थान आहे!"

मागच्या रांगांत खसखस पिकली. भाऊंना वाटलं माईक बिघडला, म्हणून त्यांनी त्यावर टिचकी मारली.

सासूबाई काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या. "बाळ्या," त्या म्हणाल्या. त्यांना माईक लागत नसे. "कुलूप तुझ्या बायकोनं फोडलं. माझ्यासाठी. तिनं तुला फोन केला होता. तू दम धर म्हणालास. माझ्यानं धरवला नाही. तुझ्या फोटोखाली उभ्या उभ्या माझे कपडे ओले झाले. आता दे तक्रार. माझं नाव घाल, हिचं घाल, आणि ते विरोधक कोण असतील त्यांचंही घाल."

वहिनींना वाटलं, आता ह्या माणसाला धरणी पोटात घेईल तर बरं. निदान तो मान तरी खाली घालेल. आईची माफी मागेल. त्या श्वास रोखून बघत राहिल्या. लग्नानंतर इतक्या आशेनं त्यांनी नवऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

भाऊंनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे. मग त्यांचे दोन्ही हात पसरले.

"पाहिलंत!" ते ओरडले. "ही माझी माउली! मंत्र्याची वाट न बघता मी आज माझ्या जन्मदात्रीच्या हस्ते ही वास्तू बाजारातल्या भगिनींना अर्पण केली! आहे का दुसरा कुणी नगरसेवक असा?"

शेपूट टाळ्या वाजवू लागलं. मग पहिली रांग, मग दुसरी. भाऊंनी खाली उतरून आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि फोटो निघेपर्यंत ते तिथंच ठेवलं.

"टाळ्या वाजवतायत का गं?" सासूबाईंनी वहिनींना विचारलं.

"हो, आई."

"मग ह्याचं काय चुकलं! ज्याला गिऱ्हाईक असेल तोच माल दुकानात."

वहिनी पहिल्या रांगेतून उठल्या आणि मागे जाऊन कांदेवालीशेजारी बसल्या. कांदेवालीनं सरकून जागा दिली.

पण भाऊंची कसरत मंत्रीसाहेबांना पसंत पडली नाही. आपलं उद्घाटन एका म्हातारीनं पळवलं, असं त्यांच्या कानावर गेलं आणि जी तारीख इतके महिने मिळत नव्हती ती आठवड्यात मिळाली. भाऊंची पळापळ झाली. शेपूट नवं कुलूप घेऊन बाजारात गेलं, पण उखडलेला कोयंडा बायकांनी कुठं टाकला ते कुणालाच आठवेना. कुलूप लावायचं कशाला? शेवटी दारावर लाल फीत बांधून वेळ भागवायची ठरली.

आदल्या दिवशी भाऊ आईच्या खोलीत आले. "आई, उद्या मंचावर साहेबांच्या शेजारी बसायचं तू. नवे कपडे आणलेत."

"मला जायचं असेल तेव्हा मी जाईन, बाळ्या. तुझ्या मुहूर्तावर नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. भाषणं लांबली. सासूबाई आणि वहिनी कांदेवालीच्या मागे पोत्यावर बसून सगळं बघत होत्या. साहेबांनी कात्री उचलली, तोच फितीमागचं दार उघडलं आणि लिंबंवाली ओले हात झटकत बाहेर आली. फितीखालून वाकून, साहेबांच्या पोटाला वळसा घालून आपल्या पाटीकडे गेली. सासूबाई हसू लागल्या. हसता हसता त्यांनी वहिनींचा दंड धरला.

"चल गं. मला जायचंय."

वहिनी त्यांना धरून गर्दीतून निघाल्या. फितीपाशी एका पोलिसानं हात आडवा केला. "थांबा आजी, उद्घाटन व्हायचंय."

"तुमचं व्हायचंय. माझं झालंय," सासूबाई म्हणाल्या आणि वहिनींनी वर धरलेल्या फितीखालून आत गेल्या.

साहेब कात्री घेऊन उभे. भाऊ हसत उभे, पण ते हसू आता फोटोतल्यासारखं चिकटलं होतं. म्हातारीनं घाई केली नाही. ती बाहेर आल्यावर साहेबांनी फीत कापली आणि चहाला न थांबता गाडीत बसले.

पुढच्या निवडणुकीत भाऊंचं तिकीट कापलं गेलं. कारण कुणी सांगितलं नाही. भाऊ मात्र घरात सांगत फिरत, की आपण स्वतःहून नव्या लोकांना संधी दिली. एका दुपारी वहिनी सासूबाईंना घेऊन चष्मेवाल्याकडे गेल्या. दांडी पुन्हा सैल झाली होती.